परदेशात गाडी चालवायची आहे? नॅव्हिगेशन ॲप असं निवडा, असं तपासा

परदेशात स्वतः गाडी चालवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: "कोणतं ॲप सगळ्यांत चांगलं?" कुणीतरी एक नाव सांगतं, ते ॲप फोनमध्ये येतं, घरच्या वायफायवर एकदा उघडून बघितलं जातं आणि तयारी झाली असं धरून चालतात. घोळ इथेच होतो. घरच्या वायफायवर प्रत्येक ॲप चांगलंच चालतं. त्याचा कस लागतो तो भाड्याच्या अनोळखी गाडीत, अंधार पडल्यावर, फोनला रेंज नसताना आणि पाटीवरचं नाव वाचता येत नसताना.

म्हणून इथे क्रम बदलला आहे. आधी प्रवास, मग पत्ते, मग ॲप आणि मग घरबसल्या परीक्षा. पायऱ्या याच क्रमाने करा. पत्ते नीट केले नसतील तर ॲपची परीक्षा कशावर घेणार? निघायच्या किमान आठवडाभर आधी सुरुवात करा, कारण परीक्षेत एखादं ॲप नापास झालं तर दुसरं आणायला वेळ हवा.

## पायरी १: आधी प्रवास कागदावर मांडा

ॲपचं नाव मनातही न आणता एवढं लिहून काढा:

- कोणकोणत्या देशांतून जाणार, गाडीने सीमा ओलांडणार का
- रोज कुठून कुठे जायचं आणि त्यातलं काय अंधारात येणार
- वस्तीपासून दूरचे टप्पे कोणते (डोंगर, वाळवंट, राष्ट्रीय उद्यान)
- गाडी कोणती: साधी कार, उंच कॅम्पर व्हॅन (आत झोपण्या-राहण्याची सोय असलेली) की इलेक्ट्रिक
- शेजारी बसून फोन बघणारं कुणी आहे की तुम्ही एकटेच

या पाच उत्तरांवर निवड निम्म्याहून अधिक ठरते. मोठ्या शहरांमध्येच फिरणार असाल तर वाहतुकीची ताजी माहिती देणारं ॲप महत्त्वाचं. डोंगराळ भागात जाणार असाल तर नेटशिवाय पूर्ण चालणारं ॲप हवंच. कॅम्पर व्हॅन असेल तर गाडीची उंची विचारात घेणारं ॲप लागतं, नाहीतर कमी उंचीच्या पुलाखाली अडकण्याची वेळ येते.

देशानुसार काही ठळक अपवाद आहेत. दक्षिण कोरियात तपशीलवार नकाशांचा डेटा देशाबाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध असल्यामुळे गूगल मॅप्सवर गाडीसाठी वळणावळणाचं मार्गदर्शन वर्षानुवर्षं मिळत नव्हतं. तिथले लोक नेव्हर मॅप, काकाओ मॅप आणि टीमॅप वापरतात, तुम्हीही तेच घ्या. चीनमध्ये जीसीजे-०२ नावाची वेगळी सरकारी अक्षांश-रेखांश पद्धत आहे. जगभर चालणाऱ्या डब्ल्यूजीएस-८४ पद्धतीचे आकडे तिथल्या नकाशावर टाकले तर जागा शेकडो मीटर सरकते. तिथे स्थानिक आमॅप किंवा बायडू मॅप्सच लागतात.

तपासा: तुमच्या यादीतल्या प्रत्येक देशात, निवडायचं ते ॲप गाडीसाठी मार्गदर्शन देतं का? नकाशा दिसणं वेगळं आणि मार्गदर्शन मिळणं वेगळं.

## पायरी २: पत्ते पक्के करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

२०१६ च्या फेब्रुवारीत एक पर्यटक आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर उतरला. त्याचं हॉटेल रेक्याविकमधल्या 'लोयगावेगुर' रस्त्यावर होतं, म्हणजे तासाभराच्याही आत. पण त्याच्याकडच्या पत्त्यात एक 'र' जास्त पडला होता. त्या जादा 'र'चा रस्ता खरोखर अस्तित्वात आहे, फक्त तो सुमारे चारशे किलोमीटरवरच्या सिग्लुफ्योर्दुर या उत्तरेकडच्या गावात. गाडीतल्या नॅव्हिगेशन यंत्राने सांगितलं तसा तो थेट तिथे जाऊन पोहोचला. २००९ मध्ये एका स्वीडिश जोडप्याने इटलीतल्या काप्री बेटाऐवजी 'कार्पी' टाइप केलं आणि साडेसहाशे किलोमीटर दूरच्या औद्योगिक गावात गाडी नेली. काप्री बेट आहे, पण वाटेत समुद्र का लागला नाही, हा प्रश्न त्यांना पडला नाही. दोन्ही प्रसंगांत यंत्र बरोबर होतं आणि पत्ता चुकीचा होता.

म्हणून प्रत्येक मुक्कामासाठी चार गोष्टी लिहून ठेवा: स्थानिक लिपीतला पूर्ण पत्ता, पोस्टल कोड, अक्षांश-रेखांश आणि यजमानांचा फोन नंबर. एकाच नावाची अनेक गावं असतात. जर्मनीतच फ्रँकफर्ट दोन आहेत, एक माइन नदीवरचं आणि एक ओडर नदीवरचं. पोस्टल कोड टाकला की ही भानगड मिटते. ब्रिटनमध्ये एक पोस्टकोड मोजक्याच घरांचा असतो, आयर्लंडमध्ये एअरकोड (तिथला पोस्टल कोड) तर प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र आहे. जपानमध्ये गाडीतल्या यंत्रावर फोन नंबर किंवा 'मॅपकोड' नावाचा आकडा टाकूनही जागा सापडते, तोही हॉटेलकडून आधीच मागून घ्या.

घर क्रमांकांच्याही तऱ्हा असतात. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये दुकानं-उपाहारगृहांचे क्रमांक लाल आणि राहत्या घरांचे क्रमांक निळे किंवा काळे, अशा दोन वेगळ्या मालिका एकाच रस्त्यावर चालतात. लाल क्रमांकापुढे 'आर' लिहितात. तो 'आर' गाळला तर त्याच रस्त्यावर भलत्याच दारात जाल. चेकियात (चेक प्रजासत्ताकात) एका घराला दोन क्रमांक असतात आणि मध्ये तिरपी रेघ असते. असा पत्ता ॲपमध्ये पूर्ण टाका, अर्धा तोडू नका.

अक्षांश-रेखांश टाकताना तीन चुका पुन्हा पुन्हा होतात:

एक, अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ. ४१ अंश ५४ मिनिटं १० सेकंद म्हणजे दशांशात ४१.९०२८. हेच कुणी ४१.५४१० असं टाकलं तर जागा सुमारे चाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकते.

दोन, उणे चिन्ह गळणं. लिस्बनचं रेखांश उणे ९ च्या आसपास आहे. उणे विसरलात तर पिन इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात पडते. ग्रिनिचच्या पश्चिमेकडचं रेखांश आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचं अक्षांश नेहमी उणे.

तीन, स्वल्पविराम. युरोपातल्या बऱ्याच देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. तिथल्या यजमानाने पाठवलेला आकडा जशाच्या तसा चिकटवला तर ॲप गोंधळतं. टिंब घालून पुन्हा टाइप करा. दशांशानंतर पाच आकडे पुरेत, तेवढ्याने जागा साधारण एका मीटरपर्यंत पक्की होते.

तपासा: प्रत्येक पिन उपग्रह चित्रावर मोठी करून बघा. इमारत दिसते का? दार कोणत्या रस्त्याला आहे? गाडी तिथपर्यंत जाते का? यजमानांनी पाठवलेल्या फोटोशी ताडून बघा.

## पायरी ३: नकाशा कुणाचा आहे ते विचारा

ॲपचं नाव वेगळं म्हणजे नकाशा वेगळा, असं नसतं. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही दोन्ही ॲप ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी भरलेल्या नकाशावर चालतात. हिअर वीगो हिअर कंपनीच्या स्वतःच्या नकाशावर, सिजिक मुख्यतः टॉमटॉमच्या नकाशावर. गूगलचा नकाशा गूगलचा, ॲपलचा ॲपलचा. वेझ गूगलने २०१३ मध्ये विकत घेतलं असलं तरी त्याचा नकाशा वापरकर्त्यांनी संपादित केलेला, वेगळा आहे.

हे कळायला हवं, कारण अडचणीसाठी म्हणून दुसरं ॲप ठेवलं आणि त्याचा नकाशा पहिल्याचाच निघाला, तर जिथे पहिलं चुकेल तिथेच दुसरंही चुकेल. २०१२ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया पोलिसांनी लोकांना जाहीर इशारा दिला होता. ॲपल मॅप्सने मिल्ड्युरा शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, पाणी नसलेल्या राष्ट्रीय उद्यानात दाखवलं होतं आणि लोक तिथे जाऊन अडकत होते. ती चूक नंतर दुरुस्त झाली. पण ज्यांच्याकडे त्या वेळी वेगळ्या नकाशाचं दुसरं ॲप होतं, त्यांना दोन पिना दोन ठिकाणी दिसल्या असत्या आणि ते थांबले असते. दुसरं ॲप ठेवायचं ते यासाठी.

## पायरी ४: दोन ॲप निवडा, दहा नको

एक मुख्य, एक राखीव. राखीवचा नकाशा वेगळा आणि ते नेटशिवाय पूर्ण चालणारं. माझं मत थोडक्यात असं:

गूगल मॅप्स: वाहतुकीची ताजी माहिती आणि ठिकाणं शोधणं यात मुख्य ॲप म्हणून बहुतेक देशांत सोयीचं. पण ऑफलाइन झालं की ताजी वाहतूक आणि पर्यायी मार्ग दोन्ही जातात. उतरवलेल्या (डाउनलोड केलेल्या) नकाशाची मुदत असते, ताजा केला नाही तर तो निघून जातो. काही भागांचे नकाशे उतरवताच येत नाहीत.

वेझ: शहरातल्या कोंडीसाठी उत्तम. नकाशा आधीच उतरवून ठेवण्याची सोय नाही, म्हणून राखीव म्हणून निरुपयोगी.

ऑरगॅनिक मॅप्स: फुकट, जाहिराती नाहीत, पूर्ण ऑफलाइन. राखीव म्हणून माझी पहिली पसंती. घर क्रमांकांची नोंद मात्र देशागणिक कमी-जास्त. वाहतुकीची माहिती नसल्यामुळे शहरातली वेळ नेहमी आशावादी दाखवतं.

ऑसमँड: सेटिंगचा डोंगर आहे, शिकायला वेळ द्यावा लागतो. पण गाडीची उंची आणि वजन टाकता येतं. कॅम्पर व्हॅनवाल्यांनी हा वेळ जरूर काढावा.

हिअर वीगो: देशच्या देश उतरवून घेता येतात, वापर सोपा. ज्यांना सेटिंगमध्ये रमायचं नाही त्यांच्यासाठी राखीव म्हणून चांगलं.

सिजिक, टॉमटॉम: पैसे भरून घ्यायची ॲप. लेन दाखवणं छान, ऑफलाइन चालतात. आठवडाभर गुंतागुंतीच्या महामार्गांवर चालवणार असाल तर विचार करा, दोन दिवसांसाठी गरज नाही.

ॲपल मॅप्स: २०२३ च्या आयओएस १७ पासून ऑफलाइन नकाशे मिळतात. आयफोन असेल तर तिसरं म्हणून आपोआप हाताशी असतंच.

सावधान: पैसे भरायचे असतील तर निघण्याआधीच भरा. परदेशात सिम बदललं की बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि ॲप अर्धवट चालू राहतं. पैसे भरल्यावर एकदा लॉगिन करून ॲप उघडा, काहींना पहिल्या वेळी नेट लागतंच.

## पायरी ५: नकाशे उतरवा, पण पट्टा पुरता धरून

लोक मुक्कामाची शहरं उतरवतात आणि मधला रस्ता विसरतात. ऑफलाइन मार्ग काढायचा तर निघायचं ठिकाण, पोहोचायचं ठिकाण आणि मधला सगळा पट्टा उतरवलेला हवा. गूगलमध्ये एका चौकोनाच्या आकाराला मर्यादा आहे, लांब प्रवासाला चौकोन एकमेकांवर थोडे चढवून घ्या. ऑरगॅनिक मॅप्समध्ये देश प्रांतांमध्ये विभागलेले असतात. वाटेतला एक प्रांत राहिला तर मार्ग निघत नाही. सीमेजवळ राहणार असाल तर पलीकडच्या देशाचा नकाशाही घ्या, कारण डोंगरात जवळचा रस्ता बऱ्याचदा पलीकडून जातो.

क्रम असा: फोनमध्ये जागा मोकळी करा (मोठ्या देशांचे नकाशे काही जीबी घेतात), वायफायवर नकाशे उतरवा, आवाजाची फाइल वेगळी असेल तर तीही उतरवा, सगळे मुक्काम दोन्ही ॲपमध्ये सेव्ह करा. निघायच्या आदल्या दिवशी नकाशे पुन्हा ताजे करून घ्या.

आवाजाची फाइल बरेच जण विसरतात. मग गाडीत नकाशा दिसतो पण बोलत काहीच नाही आणि एकट्या चालवणाऱ्याची नजर सतत पडद्याकडे जाते.

## पायरी ६: विमान मोडची परीक्षा

घरात बसून फोन विमान मोडवर टाका. वायफाय वेगळं बंद करा, विमान मोडमध्येही ते चालू राहू शकतं. आता फोन परदेशातल्या, रेंज नसलेल्या जागेइतकाच एकटा पडला. जीपीएसला नेट लागत नाही. फोन फक्त उपग्रहांचं ऐकतो आणि आपली जागा काढतो. नेटची गरज लागते ती नकाशा, शोध आणि वाहतुकीसाठी.

आता दोन्ही ॲपमध्ये, एकेक करून:

१. पहिल्या मुक्कामाचा पत्ता हाताने टाइप करून शोधा, सेव्ह केलेली पिन न वापरता. नुसता रस्ता सापडतो की घर क्रमांकही? क्रमांक नसेल तर ॲप पिन रस्त्याच्या मधोमध टाकतं, आणि तीन किलोमीटर लांब रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही.

२. अक्षांश-रेखांश टाकून तीच जागा येते का बघा.

३. विमानतळावरच्या गाडी घेण्याच्या जागेपासून मुक्कामापर्यंत मार्ग काढा. नुसतं विमानतळाचं नाव चालणार नाही, भाड्याच्या गाड्यांचं पार्किंग बऱ्याचदा टर्मिनलपासून लांब असतं.

४. वळणांची यादी उघडून पहिली पाच वळणं वाचा. ही पाच वळणं कागदावर उतरवा. पहिल्या दहा मिनिटांत गाडी, बाजू, गियर, पाट्या सगळंच नवीन असतं. तेव्हा हा कागद शेजाऱ्याच्या हातात असला की फोनवरचा भार हलका होतो.

५. दोन्ही ॲपचा मार्ग आणि अंतर ताडून बघा. वेळेत फरक असणारच. अंतरात मोठा फरक आला तर कोणता रस्ता वेगळा आहे ते शोधा. कच्चा घाटरस्ता, हिवाळ्यात बंद असणारी खिंड किंवा फेरीबोट, यांपैकी एक कारण बहुतेक वेळा सापडतं.

तपासा: विमान मोड तसाच ठेवून एकदा घराजवळ गाडीतून फिरा. आवाज येतो का? चुकीचं वळण मुद्दाम घेतल्यावर नवा मार्ग निघतो का? पडदा बंद झाला तरी आवाज चालू राहतो का? अँड्रॉइडमध्ये बॅटरी बचत चालू असेल तर ॲप मागे झोपी जातं. त्या ॲपसाठी बॅटरीची मर्यादा काढून टाका आणि जागेची परवानगी 'अचूक' ठेवा.

## पायरी ७: सेटिंग एकदाच, नीट

कच्चे रस्ते टाळा: वेझ, ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्समध्ये ही सोय आहे. भाड्याच्या गाडीत ती चालू ठेवा, कारण कच्च्या रस्त्यावरचं नुकसान बऱ्याच विमा करारांत बसत नाही.

इंधन वाचवणारा मार्ग: गूगल मॅप्समध्ये अनेक देशांत हा पर्याय आधीच चालू असतो. थोड्या इंधनासाठी तो अरुंद रस्त्यावर नेऊ शकतो. अनोळखी देशात बंद करा.

वेगाचा एकक: ब्रिटन आणि अमेरिकेत पाट्या मैलांत असतात. ॲप आपोआप बदलतं की नाही ते परीक्षेतच बघा.

वेग-कॅमेऱ्याचा इशारा: ही सोय नसून काही देशांत गुन्हा आहे. जर्मनीत चालकाने गाडी चालवताना असा इशारा देणारं ॲप वापरायला मनाई आहे. स्वित्झर्लंडमध्ये नियम आणखी कडक आहेत. फ्रान्समध्ये ॲप नेमका कॅमेरा न दाखवता 'धोक्याचा पट्टा' दाखवतात. सीमा ओलांडायच्या आधी हा इशारा बंद करा.

आवाजाची भाषा: मराठी किंवा हिंदी आवाज परदेशी रस्त्यांची नावं ओळखू न येतील अशी उच्चारतो. नावं नको, फक्त "तीनशे मीटरवर उजवीकडे" एवढंच हवं असेल तर ते ठीक. पाटीशी नाव जुळवायचं असेल तर इंग्रजी किंवा स्थानिक भाषेचा आवाज घेऊन बघा.

## पायरी ८: ॲप जे सांगत नाही ते आधी शोधा

इटलीतल्या जुन्या शहरांचे गाभे झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचे भाग, असतात. वेशीवर कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत येतो, वर कंपनी आपलं हाताळणी शुल्क वेगळं लावते. सिएनाच्या वेशीपाशी मी स्वतः फसता फसता वाचलो. संध्याकाळची वेळ, ॲप सरळ जायला सांगत होतं, समोर लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि खाली उजळलेली अक्षरं, 'वार्को आत्तीवो'. 'वार्को' म्हणजे प्रवेशद्वार, 'आत्तीवो' म्हणजे सक्रिय, म्हणजे दार उघडं, असा अर्थ मी लावला आणि गाडी पुढे सरकवली. फुटपाथवरच्या एका आजोबांनी दोन्ही हात आडवे केले. दार नाही, पहारा चालू असतो. 'वार्को आत्तीवो' म्हणजे आत जाऊ नका. 'नॉन आत्तीवो' असेल तेव्हाच जाता येतं. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर ते तुमच्या गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतं का, हे आरक्षण करतानाच विचारा.

ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनिया, चेकिया आणि हंगेरीत महामार्गांसाठी व्हिन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा परवाना, लागतो. टोलनाका नसल्यामुळे तो घेतला नाही तरी कुणी अडवत नाही, पण दंड होतो. एका देशात भाड्याने घेतलेल्या गाडीवर शेजारच्या देशाचं व्हिन्येट असेलच असं नाही. लंडनच्या मध्यभागी कोंडी शुल्क आणि शहराच्या सगळ्या प्रशासकीय विभागांमध्ये (बरो) प्रदूषणाचा नियम लागू आहे.

आइसलँडच्या 'एफ' अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्हचीच (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी चालते, आणि त्यांतल्या काहींवर पूल नसलेल्या नद्या आहेत. आल्प्समधली स्टेल्व्हियो खिंड २७५७ मीटर उंचीवर आहे, हिवाळाभर बंद असते. ऑफलाइन नकाशाला ऋतू कळत नाही. अमेरिकेत डेथ व्हॅलीमध्ये जीपीएसवर विसंबू नका, असं तिथलं उद्यान प्रशासन स्वतःच सांगतं. अशा भागांसाठी त्या देशाच्या रस्ते विभागाचं अधिकृत संकेतस्थळ सकाळी निघताना बघा आणि छापील नकाशा गाडीत ठेवा.

## पायरी ९: गाडी ताब्यात घेतल्यावर, पार्किंगमधून हलण्याआधी

पंधरा मिनिटं द्या, मागे कुणी घाई करत असलं तरी.

फोन आधी बाहेर, उघड्या आकाशाखाली धरा. विमानातून उतरलेल्या फोनला जागा पकडायला वेळ लागू शकतो, आणि छताच्या पार्किंगमध्ये तर सिग्नल मिळतच नाही. मग फोन गाडीला जोडा. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनवरचं ॲप गाडीच्या पडद्यावर दाखवणारी सोय) बऱ्याच गाड्यांत केबलनेच चालतं. फक्त चार्जिंग करणारी केबल असेल तर गाडी फोन ओळखत नाही, म्हणून डेटा नेणारी केबल घरून आणा, आणि गाडीतल्या दोन्ही प्रकारच्या यूएसबी खाचांना बसेल अशी जोडणीही. राखीव ॲप गाडीच्या पडद्यावर दिसतं का, हेही आत्ताच बघा.

फोनचा होल्डर घरूनच न्या, तो हवेच्या झरोक्यावर बसणारा असला तर बरा. काचेवर कुठेही चिकटवणं सगळीकडे चालत नाही. कॅलिफोर्नियात काचेवर फक्त ठरावीक खालच्या कोपऱ्यांतच लावता येतो. उन्हात फोन तापला की पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबतं, झरोक्याच्या गार हवेने हे टळतं.

सावधान: फोन हातात धरू नका. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये वाहतुकीत थांबलेलं असतानाही हातातला फोन दंडाला पात्र आहे. फ्रान्समध्ये कानात इअरफोन घालून सूचना ऐकायलाही २०१५ पासून बंदी आहे.

## पायरी १०: रस्त्यावर

मोकळ्या आकाशाखाली फोनची अचूकता साधारण पाच मीटर असते. महामार्ग आणि त्याला लागून जाणारा सेवा रस्ता यांत तेवढंच अंतर असेल तर ॲपला तुम्ही कुठे आहात ते कळत नाही आणि सूचना भलत्या रस्त्याच्या येतात. अशा वेळी पाटीवर विश्वास ठेवा.

पाटीवरचं नाव ॲपमधल्या नावाशी जुळेलच असंही नाही. बेल्जियमच्या डच भाषक भागात फ्रान्समधल्या लीलकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'रेइसल' लिहिलेलं असतं आणि मॉन्सच्या दिशेला 'बर्गन'. गावांची दुसरी नावं आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा. शक्य असेल तिथे गावापेक्षा महामार्गाचा क्रमांक धरून चला.

बोगद्यात जीपीएस बंद पडतं. नॉर्वेतला लॅर्दाल बोगदा २४.५ किलोमीटरचा आहे, ट्रॉम्सो शहराखालच्या बोगद्यांत तर चक्क गोल चौक आहेत. आत शिरण्याआधी पुढचं वळण मोठ्याने वाचून ठेवा: "बोगद्यात गोल चौक, दुसरा फाटा." गोल चौकात फाटा चुकला तर पूर्ण फेरी मारा, त्यात काही बिघडत नाही.

ॲप अचानक लहान रस्त्याकडे वळवू लागलं तर लगेच वळू नका. पुढे सुरक्षित जागी थांबा, राखीव ॲपमध्ये तोच मार्ग बघा. दोन्ही एकच सांगत असतील तर जा. फक्त एकच ॲप तसं सांगत असेल तर मोठा रस्ता धरा. वेळ थोडा जास्त जाईल.

सीमा ओलांडल्यावर रेंज जाऊ शकते. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे युनियनसाठी घेतलेलं ई-सिम तिथे चालेलच असं नाही. ऑफलाइन नकाशा असल्यामुळे तुम्ही अडणार नाही, फक्त वाहतुकीची माहिती दिसेनाशी होईल.

## पायरी ११: गाडी परत करताना

गाडीच्या पडद्यावर जाऊन तुमच्या फोनची जोडणी पुसा. गाडीतल्या नॅव्हिगेशनमध्ये घराचा किंवा मुक्कामांचा पत्ता टाकला असेल तर तोही काढा, संपर्कांची यादी गाडीने उतरवून घेतली असेल तर तीही. ही गाडी उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार आहे. मग केबल काढून खिशात ठेवा, ती गाडीतच राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.